गवसणी, पेटी आणि कर्णा : वाद्यांच्या वहनाचा भाषिक मागोवा

आपल्याकडील संगीताचे इतिहास बहुधा गायकांचे, घराण्यांचे आणि रागांचे असतात. त्यांत वाद्यांना स्थान मिळते ते त्यांच्या नादापुरते, किंवा फार तर त्यांच्या घडणीपुरते. परंतु वाद्य वाजते तो त्याच्या आयुष्याचा फार थोडा काळ होय. उरलेला सारा काळ ते कोठे तरी ठेवलेले असते, अथवा कोणाच्या तरी खांद्यावर, जनावराच्या पाठीवर किंवा गाडीत असते. हा उरलेला काळ इतिहासलेखनाने जवळजवळ सोडूनच दिला आहे. त्याची कागदपत्रे विरळ आहेत, हे एक कारण. ज्यांनी ही ओझी वाहिली त्यांच्या हाती लेखणी नव्हती, हे दुसरे. तथापि दप्तरात ज्याची नोंद नाही त्याची नोंद पुष्कळदा भाषेत सापडते. प्रस्तुत लेखात वाद्ये ठेवण्याच्या, झाकण्याच्या, बांधण्याच्या आणि वाहण्याच्या मराठी शब्दांची साक्ष काढून एक विधान मांडावयाचे आहे. ते असे की, वाद्य कोण वाहतो यावरून त्या वाद्याची आणि ते वाजविणाराची पायरी आपल्या समाजात ठरत आली, आणि ती पायरी शब्दांवरून आजही वाचता येते.

या विवेचनासाठी ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यातले वज्रेश्वरी हे क्षेत्र निवडण्याचे कारण सरळ आहे. स्थावर वाद्ये आणि फिरती वाद्ये यांची गाठ पडावी अशी सोय जितकी देवीच्या यात्रेत असते, तितकी क्वचितच अन्यत्र असेल. तानसा नदीच्या काठी, उष्णोदकाच्या कुंडांच्या परिसरात वसलेले हे गाव पूर्वी वडवली या नावाने ओळखले जाई. १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने पोर्तुगिजांकडून वसई जिंकली आणि मोहिमेच्या वेळी केलेल्या नवसाप्रमाणे देवीचे देऊळ बांधविले; वसईचा नवा सुभेदार शंकर केशव फडके याच्याकडे ते काम सोपविले होते. देवळाची रचना किल्ल्यासारखी असून दगडी पायऱ्या चढून वर जावे लागते. प्रवेशद्वाराशी नगारखाना आहे. तो बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला. चैत्राच्या अखेरीस अमावास्येला येथे मोठी यात्रा भरते.

याच मोहिमेतील आणखी एका वहनाचा उल्लेख येथेच उरकून घेतो. वसई प्रांतातील पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या आणि त्या दूरदूरच्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांपैकीच होय. खणखणीत, चढ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याची रीत पडली ती तीमुळे. धातूचा एवढा बोजा समुद्रकाठावरून घाटमाथ्यावर गेला. म्हणीत घंटा राहिली, धनी राहिला, वाहणारा मात्र राहिला नाही.

आता नगारखान्याकडे वळू. नगारा हा शब्द मूळ अरबी ‘नक्कारा’चे मराठी रूप, ‘खाना’ फारसी. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांची जी यादी सांगितली जाते तीत जवाहीरखाना, तोफखाना, पीलखाना, फरासखाना, उष्टरखाना यांच्या बरोबरीने नगारखाना येतो. ही गोष्ट वाटते त्याहून अधिक बोलकी आहे. नगारे, सनया, कर्णे आणि झांजा यांची राखण हे तोफा व हत्ती यांच्या राखणीसारखेच राज्याचे खाते होते. मोहिमेत नगारा निघाला की तो हत्तीवर, उंटावर किंवा घोड्यावर चढे. कातड्याची डागडुजी, चारा आणि नोकरांचे वेतन हा सारा भार सरकारी. वाजविणाराने वाद्य वाहावयाचे नसते, हा नगाऱ्याच्या प्रतिष्ठेचा पाया होय. देवळाच्या नगारखान्यात तर नगारा हलतच नाही. त्याला घर आहे, मजला आहे, छप्पर आहे. लोक पायऱ्या चढून त्याच्याकडे येतात.

‘नौबत’ हा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. अरबीत त्याचा अर्थ पाळी. ठराविक प्रहरी पाळीपाळीने वाजते ती नौबत. पुढे मराठीत ‘ही नौबत आली’ म्हणजे वाईट वेळ आली, असा अर्थ रूढ झाला. अर्थाचे हे संक्रमण कळण्यासारखे आहे, कारण पाळी टळत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की नौबतीचा संबंध काळाशी आहे, स्थळांतराशी नाही. नगारखान्याला जाण्यायेण्याची चिंता नाही. त्याला चिंता आहे ती वेळ पाळण्याची.

नगारखान्याच्या खालून जी वाद्ये यात्रेच्या दिवसांत आत येतात त्यांची गोष्ट निराळी. देवीच्या क्षेत्रांचा जुना मानकरी म्हणजे गोंधळी. संबळ, तुणतुणे, झांज, दिवटी आणि बुधली हा त्याचा सारा संभार. आणि तो अशा हिशेबाने घडलेला आहे की त्याला वेगळे बांधणे-सोडणे नकोच. संबळ कमरेला, तुणतुणे हातात. वाद्य वाहण्याची स्थिती आणि वाजविण्याची स्थिती एकच. सनदी नगाऱ्याच्या अगदी उलट टोकाला हे वाद्य उभे आहे : येथे वादकाचे शरीर हाच त्याचा नगारखाना. हा परिसर ज्यांचा, त्या आदिवासींपैकी वारल्यांचा तारपाही ध्यानात घ्यावा. दुधी भोपळा, त्यात बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचे नरसाळे असे हे वाद्य मेणाने सांधलेले असते. मेणाला ऊन सोसत नाही, भोपळ्याला धक्का सोसत नाही. भात कापून झाल्यावर गावातच घुमावयाचे हे वाद्य. दूर नेण्यासाठी त्याची घडणच झालेली नाही.

यानंतर ज्या शब्दापाशी थोडे थांबावयाचे तो शब्द ‘गवसणी’. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) वाद्यादिकांवर घालावयाचे आच्छादन या अर्थाने तो नोंदला आहे. आजच्या बहुसंख्य मराठी भाषकांना तो ‘आकाशाला गवसणी घालणे’ या वाक्प्रचारापलीकडे ठाऊक नाही. किंबहुना वाक्प्रचार जिवंत आणि वस्तू विस्मृत, अशी ही अवस्था आहे. परंतु वस्तू डोळ्यांपुढे आणल्याखेरीज वाक्प्रचाराची धार कळत नाही. कापडी आच्छादनाला मराठीत शब्दांची वाण नाही : खोळ आहे, बासन आहे, रुमाल आहे. पोथी बासनात गुंडाळतात, दप्तर रुमालात बांधतात. बासन आणि रुमाल हे चौकोनी कापड. त्यात लहानमोठी कोणतीही वस्तू बांधता येते. गवसणी मात्र बेतून शिवलेली असते. तंबोऱ्याची गवसणी पखवाजाला चालत नाही. एका तंबोऱ्याची दुसऱ्या तंबोऱ्याला चालेलच असेही नाही. भोपळ्याचा घेर, गळ्याची निमुळती उतरण, दांडीची लांबी आणि खुंट्यांचा फुगवटा ही सारी मापे घेतल्यावरच तिच्यात कात्री चालते. म्हणूनच आकाशाला गवसणी घालण्याची कल्पना असंभाव्यतेचा कळस ठरते. ज्याचे माप घेता येत नाही त्याला मापाचे वस्त्र कसे शिवावे? जुन्या वापरात हा वाक्प्रचार अशक्य उद्योगाचा निर्देश करी. हल्ली तो सत्कारसमारंभांत प्रशंसेसाठी वापरला जातो. गवसणी शिवणारा शिंपी डोळ्यांआड झाल्यामुळेच हे घडू शकले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तंबोऱ्याच्या बाबतीत गवसणीची गरज केवळ धुळीसाठी नव्हती. मिरजेचे तंबोरे आणि सतारी यांची ख्याती सर्वश्रुत आहे. २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन लाभले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात ही कला उचलली आणि सोलापूर-पंढरपूरकडील भोपळे वापरून ती वाढविली. वाळलेला भोपळा कवचासारखा कठीण, पण अंड्याच्या टरफलासारखा ठिसूळ. प्रवासाला निघताना तारा किंचित उतरवावयाच्या, जवारीचे दोरे सांभाळावयाचे, आणि वाद्य असे ठेवावयाचे की भोपळा-दांडीच्या सांध्यावर भार येऊ नये. हे शास्त्र कोठे लिहिलेले नाही. ते शागिर्दाच्या हाताला शिकविले जाई. उस्तादाचा तंबोरा शिष्याने वाहावा हा परिपाठ होता, आणि ते वाहणे हे ओझे न गणता सेवा गणली जाई. गवसणी उचलण्याची परवानगी हीच पुष्कळदा विद्येची पहिली पायरी असे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली दक्षिणेत रेल्वेने जात असता वाटेत अस्वस्थ होऊन सिंगपेरुमाळकोइल या लहान स्थानकावर उतरले. फलाटावर शिष्यांनी तंबोरा लावला, खाँसाहेबांनी गाऊन प्रार्थना केली आणि तेथेच त्यांनी देह ठेवला, असे सांगितले जाते. खाँसाहेबांच्या चरित्रातला हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. परंतु रात्रीच्या त्या फलाटावर तंबोरा चटकन लागण्याच्या स्थितीत होता, यामागे कोणाचे तरी चोख बांधणे होते, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

पखवाजाची व्यवस्था आणखी कष्टाची. त्याच्या डाव्या पुडीला प्रत्येक वेळी ताजी कणीक लावावी लागते आणि वाजविणे संपताच ती खरवडून काढावी लागते. राहिली तर वाळून कातडे धरते, शिवाय उंदरांना आमंत्रण. तेव्हा पखवाजाबरोबर कणकेचे पीठ, गट्टे ठोकावयाची हातोडी आणि कोरडे फडके हा सरंजाम आपोआपच येतो. तबला-डग्ग्याखाली ठेवावयाच्या कापडी कड्याला ‘चुंबळ’ म्हणतात. डोक्यावर घागर किंवा मोळी घेताना बायका जी चुंबळ करतात, तीच ही. ओझे वाहणारीच्या डोक्यावरचा शब्द मैफिलीच्या गालिच्यावर जाऊन बसला, आणि तेथे त्याचे मूळ कोणाला खटकले नाही.

वारकऱ्यांच्या वीणेचा मान या सर्वांत आगळा. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा भुईवर टेकवीत नाहीत. एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देताघेताना दोघे परस्परांना नमस्कार करतात. वाद्याचे वहन हाच येथे विधी झाला आहे. दिंडीचे तंबू आणि शिधा गाडीतून पुढे जाऊ शकतात, वीणा मात्र पायी चालते.

आता ज्यांना गवसणी लाभली नाही त्यांच्याकडे पाहू. हलगी, कडे, डफ ही वाद्ये गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला आली ते बहुशः महार, मांग आदी जातींचे लोक. गावच्या यात्रेत आणि लग्नकार्यांत वाजविणे हे त्यांचे कर्तव्य मानले गेले होते. त्यात निवडीचा प्रश्न नव्हता. ‘हलगीची गवसणी’ हा शब्दप्रयोग मराठी कानाला विचित्र वाटतो. हलगी खांद्याला अडकवितात आणि वाजविण्यापूर्वी जाळावर शेकतात. तिच्याविषयी भाषेत क्रियापदे आहेत ती ताणण्याची, शेकण्याची आणि कडाडण्याची. जतनाचे क्रियापद तिच्या वाट्याला आले नाही. कातडे तेच, कारागिरी तीच. अंतर पडले ते वाद्याच्या आणि वादकाच्या पायरीमुळे.

वाहण्याच्या सक्तीला मराठीत ‘वेठबिगार’ म्हणतात. वेठ हा संस्कृत ‘विष्टि’चा तद्भव, बिगार फारसी, दोन्हींचा अर्थ विनामोबदला राबविणे. एकाच दुःखासाठी दोन राजवटींचे दोन शब्द एकत्र जोडले गेले, ही गोष्ट त्या प्रथेचे आयुष्य सांगण्यास पुरेशी आहे. ठाणे जिल्ह्याच्या तत्कालीन उत्तर भागात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात, वारल्यांवरील वेठीविरुद्ध १९४५ मध्ये जो लढा झाला त्याचा वृत्तान्त गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात आहे. संगीताच्या इतिहासकाराने तो ग्रंथ आपल्या विषयाबाहेरचा मानू नये. सरदारांच्या स्वाऱ्यांचा आणि अंमलदारांच्या दौऱ्यांचा लवाजमा ज्यांच्या डोक्यावरून गेला, त्यांचा वर्ग हाच होता.

तमाशाच्या फडाने या व्यवस्थेतून एक वेगळी वाट काढली. फडाचे सामान हे फडाचे स्वतःचे. ढोलकी, तुणतुणे, कडे आणि झांज एवढ्यावर सुरू झालेला हा पसारा पुढे पेटी, पडदे, तंबू, दिवे यांनी वाढत गेला. बैलगाडीची जागा मालमोटारीने घेतली. नारायणगावला फाल्गुन-चैत्रात फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे लोक तेथे येऊन यात्रेसाठी सुपारी देतात. सुपारी ठरताना फडाबरोबर किती गाड्या येणार हेही विचारात येते, कारण गाड्यांवरून फडाचा मोठेपणा मापला जातो. वाहण्याचे साधन हीच येथे प्रतिष्ठा झाली. नगारा हत्तीवरून ओळखावा, तसा फड गाड्यांवरून.

‘पेटी’ या शब्दाचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. युरोपात दबँ याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे एकाधिकारपत्र घेतले. पायाने भाता चालविण्याचे ते वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांच्या हातून त्याला मांडीपाशी ठेवण्याजोगे, हाताने भाता मारावयाचे रूप मिळाले. मराठीने त्याला ‘बाजाची पेटी’ म्हटले. ‘बाजा’ आणि ‘वाजणे’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘वाद्य’, प्राकृत ‘वज्ज’ या एकाच कुळातले. पण अस्सल मराठीत आद्य ‘व’ टिकतो, जसे वाजणे, वाजंत्री, वाजप. ‘बाजा’तील ‘ब’ हिंदीची वाट दाखवितो, अर्थात वाद्य उत्तरेकडून हिंदी नावासह आले. पुढे ‘बाजाची’ हे विशेषणही गळले आणि नुसती ‘पेटी’ उरली. अन्य वाद्यांना प्रवासासाठी पेटी करावी लागते. हे वाद्यच पेटी आहे. झाकण लावले, कडी अडकविली, की सामान तयार. रेल्वेच्या युगाला असेच वाद्य हवे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला, आणि १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ करणाऱ्या किर्लोस्करांच्या मंडळीपासून १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीपर्यंत संगीत नाटक गावोगाव हिंडले ते मुख्यतः या लोहमार्गांच्या आधारे. पडद्यांच्या गुंडाळ्या, पोशाखांचे पेटारे, ऑर्गनचा अवजड सांगाडा आणि त्या सर्वांत हलकी, हातात धरून डब्यात चढता येणारी पेटी. तिच्या वादकाला ‘पेटीमास्तर’ ही पदवी मिळाली. शाळामास्तर आणि स्टेशनमास्तर यांच्याच पंक्तीतली ती.

वादकांच्या नावांची तुलना येथे उद्बोधक ठरते. वीणेकरी, तबलजी, पेटीमास्तर, हलगीवाला. यांपैकी ‘तबलजी’तील ‘जी’ आदरार्थी नव्हे. तो मशालजी, खजानजी यांत आढळणारा तुर्की ‘ची’ प्रत्यय होय. लोकांना मात्र तो आदरार्थी वाटला, आणि त्या गैरसमजाचा तबलजीला थोडा लाभही झाला असावा! साथीदारांना सामुदायिक नाव ‘साजिंदे’. फारसी ‘साज’ म्हणजे सरंजाम; घोड्याचे खोगीर-लगाम हाही साज आणि वाद्य हाही साज. मराठीत घोड्यावर साज चढवितात आणि साजिंदे वाद्ये लावतात. दोन्हींत निघण्यापूर्वीची तयारी अभिप्रेत आहे.

विसाव्या शतकात या शब्दसंग्रहावर विजेने आक्रमण केले, परंतु जुने शब्द सर्वस्वी हटले नाहीत. नगारखान्यातील लांब तुतारीसदृश वाद्याला कर्णा म्हणत. हा फारसी ‘कर्ना’, आपल्या ‘कर्ण’ म्हणजे कानाशी त्याचे नाते नाही. ध्वनिक्षेपकाचे धातूचे नरसाळे खांबावर चढले तेव्हा लोकांनी त्यालाही कर्णाच म्हटले. आकार जुळला, गर्जना जुळली आणि योगायोगाने कानही जुळला. सामान नेणारी लहान मालमोटार ‘टेम्पो’ झाली. एका जर्मन कारखान्याचे हे नाव पुण्यात जुळणी होणाऱ्या गाड्यांमार्फत सामान्यनाम बनले. पाश्चात्त्य संगीतात ‘टेम्पो’ म्हणजे लय, हे ढोल लादणाऱ्याला माहीत असण्याचे कारण नाही.

वरील विधानाला एक मोठा प्रतिवाद संभवतो, आणि तो पुण्याच्या ढोल-ताशा पथकांनी पुरविला आहे. १९६०च्या दशकात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांतून विद्यार्थ्यांची पथके गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत येऊ लागली. आज शिकलेल्या, सुस्थितीतील घरांतील मुलेमुली जड ढोल कमरेला बांधून तासन्तास चालतात. ढोलाची पाने तेच ताणतात, टेम्पोतून ढोल तेच उतरवितात, मिरवणूक संपल्यावर तेच रचून ठेवतात. ओझे वाहिल्याने पायरी उतरते, हा नियम येथे लागू पडत नाही. परंतु शब्दाकडे लक्ष दिले तर नियम अन्य मार्गाने परत येताना दिसतो. सुपारी घेऊन लग्नात किंवा यात्रेत ढोल बडविणारा आजही ‘ढोलवाला’ आहे. पथकातील तरुण स्वतःला ढोलवाला म्हणवीत नाही. तो स्वतःला ‘वादक’ म्हणवितो.